पोटभाडेकरूचे दोन पडदे

जागा एकाची, बिऱ्हाड दुसऱ्याचं आणि दारावरची पाटी तिसऱ्याचीच, हा प्रकार मुंबई-पुण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या पिढीतली निम्मी लग्नं 'पोटभाड्याने का होईना, पण खोली आहे' या एका वाक्यावर जमली. त्यामुळे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक राहू शकतो, आणि आपण कुणाच्या पोटात आहोत हे त्या आतल्याला ठाऊकही नसतं, असं भाचीने सांगितलं तेव्हा तिच्या अपेक्षेइतका मी चकित झालो नाही.

"भाडं कोण भरतं?" एवढंच मी विचारलं.

"सगळं बाहेरचा भरतो, मामा. वीज त्याची, मेमरी त्याची, डिस्क त्याची."

"आणि आतला?"

"आतल्याला वाटतं सगळं आपलंच आहे."

"म्हणजे घरजावई."

संगणकवाले या घरजावयाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. परिभाषावाल्यांनी त्याचं 'आभासी यंत्र' केलं आहे, पण ते मला पटत नाही. आभास म्हणजे तिन्हीसांजेला दोरीचा साप दिसणं. हे यंत्र चांगलं कामं करतं, छापतं, रुसतं, आजारी पडतं. त्याला फक्त स्वतःचा देह नाही. मी आपला पोटभाडेकरू म्हणतो. घरजावयापेक्षा ते बरं, कारण पोटभाडेकरूला निदान तत्त्वतः तरी बाहेर काढता येतं.

माझं याच्याशी काम पडलं ते ओव्यांमुळे. वेल्हे-भोरकडे मास्तरकी केलेले एक गुरुजी आहेत. १९८१ ते १९८४ अशी चार वर्षं शाळा सुटल्यावर वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून त्यांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. अकरा वह्या भरल्या. पुस्तक निघायला २००२ उजाडलं. त्याच्या प्रती केव्हाच संपल्या, वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि ज्यांनी ओव्या सांगितल्या त्या बायकांपैकी बहुतेक आता नाहीत. छापील प्रत गुरुजींच्या घरी एक आहे, तिच्यातला एक फर्मा बांधणीतच गळालेला. उरल्या त्या प्रकाशकांच्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या संगणकावरच्या फायली. गुरुजी अठ्ठ्याऐंशीचे आहेत. दुसरी आवृत्ती पाहायची इच्छा आहे असं ते म्हणतात, पण घाई करा असं कधी म्हणत नाहीत. हे जास्त त्रासदायक.

आता फाईल आहे तर छापा, असं कुणी म्हणेल. पण त्या फायली जुन्या फॉन्टातल्या. त्या काळी मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत, म्हणजे हेही पोटभाडेकरूच. मूळ फॉन्ट असेल तर ओवी दिसते. नसेल तर रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांचा दंगा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी छपाईच्या पानांपर्यंत यायला तिला बरीच वर्षं लागली. शिवाय जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी ठेवलेली, तर युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. जुन्याचं नवं करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण वेलांटी उचलून पुढे न्यायला ते कुठेतरी विसरले की 'कविता'ची 'किवता' होते. ती निदान डोळ्यात खुपते. 'हरिण'चं मात्र 'हिरण' होतं, म्हणजे एक मराठी प्राणी उभ्या उभ्या हिंदी होतो आणि कळपात मिसळून जातो. असा प्राणी पकडायला एकच उपाय, डावीकडे जुनं पान, उजवीकडे नवं पान, आणि मध्ये मुद्रितं तपासण्यात चाळीस वर्षं घालवलेले दोन डोळे.

थोडक्यात मला तीन गोष्टी हव्या होत्या. मरायला टेकलेला जुना संगणक जिवंत ठेवायचा होता. तो प्रकाशकांच्या तिसऱ्या मजल्यावर असताना मला घरी बसून वापरायचा होता, कारण त्या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझ्या गुडघ्यांना वंगण नाही. आणि पडदे दोन हवे होते. भाची म्हणाली, "मामा, एकेक गोष्ट सोपी आहे. तिन्ही एकत्र म्हणजे जरा इतिहास आहे."

हा इतिहास मला फार आवडला, म्हणून तो सांगतो.

१९६०च्या आसपासचा संगणक एखाद्या वाड्याएवढा असे आणि एका वेळी एकाचंच काम करी. आपण भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचं. स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. रॉकेलसाठी रांगेत डबा ठेवून घरी जेवून येणाऱ्यांना हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. अमेरिकेत केंब्रिज नावाच्या गावी एमआयटी आहे. तिथे फर्नांडो कॉर्बातो या गृहस्थांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये यावर तोड दाखवली. यंत्राने प्रत्येकाकडे क्षणभर पाहायचं आणि लगेच पुढे सरकायचं. पंगतीत वाढपी एक आणि पानं चाळीस, पण तो असा भरभर फिरतो की प्रत्येकाला वाटतं वाढपी आपल्यासाठीच ठेवलाय. याला टाइम-शेअरिंग म्हणतात.

पुढच्या मोठ्या प्रकल्पासाठी एमआयटीने १९६४ मध्ये यंत्र निवडलं ते जनरल इलेक्ट्रिकचं. आयबीएमला हे लागलं, आणि लागावं असंच होतं, कारण आयबीएमचं केंब्रिज सायंटिफिक सेंटर आणि एमआयटीचा तो प्रकल्प हे दोघंही टेक्नॉलॉजी स्क्वेअरमधल्या एकाच इमारतीत. खालच्या वाण्याला सोडून वरच्या बिऱ्हाडाने समोरच्या दुकानातून साखर आणावी, तसं. त्या सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी आणि लेस कॉमो यांनी १९६४ च्या अखेरीस एक वेगळाच घाट घातला. त्यांचं म्हणणं असं, की वाढपी वाटून घेण्यापेक्षा प्रत्येकाला अख्खं स्वयंपाकघरच देऊ. म्हणजे देऊ नये, दिल्यासारखं करू.

जानेवारी १९६७ मध्ये ते चालू झालं. नाव सीपी-४०. मूळ यंत्र आयबीएम सिस्टिम/३६०चं मॉडेल ४०, त्याला एक जादा उपकरण जोडलेलं. या यंत्राची मेमरी जास्तीत जास्त २५६ किलोबाइट असू शकत असे. त्यावर चौदा आभासी यंत्रं चालत आणि प्रत्येकाला सांगितलं जाई, की तुझी मेमरी २५६ किलोबाइट. एकच फ्लॅट चौदा जणांना विकणारे बिल्डर आपल्याकडे होऊन गेले, पण ते चौदाही जण एकाच वेळी तिथे सुखाने नांदताहेत, असा बिल्डर हा पहिलाच. युक्ती अशी, की एखाद्याला जे सामान आत्ता लागत नाही ते गुपचूप माळ्यावर टाकायचं, म्हणजे डिस्कवर, आणि त्याने हात पुढे करताच चटकन खाली काढून द्यायचं. आणि एखाद्याने थेट मालकाच्या हक्काची गोष्ट करायला घेतली, छापखान्याला हात लावला, की यंत्र तिथेच अडखळतं, मालक जागा होतो, ते काम त्याच्या वतीने करतो आणि पुन्हा बाजूला होतो. भाडेकरूला वाटतं आपणच केलं.

कुठलं यंत्र असा संसार थाटायला योग्य, याचे नियम जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये घालून दिले. त्यांचं सार सांगायचं तर मालकाच्या हक्काला धक्का लावणारी प्रत्येक कृती मालकाला कळलीच पाहिजे. सोसायटीच्या उपविधींत याहून वेगळं काय असतं?

या चौदा बिऱ्हाडांचा पुढे मोठा धंदा झाला. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं. आपल्याकडे तेव्हा ही कंपनी १४०१सारखी यंत्रं भाड्याने देत असे. पुढे परकी मालकी चाळीस टक्क्यांवर आणा असा सरकारचा आग्रह पडला आणि १९७८ मध्ये तिने इथलं बिऱ्हाड उचललं. एवढ्या चौदा भाडेकरूंना सांभाळणारा मालक स्वतः मात्र भागीदारीत राहायला तयार होईना.

मग आले टेबलावरचे छोटे संगणक. प्रत्येकाला स्वतःचा ब्लॉक मिळाल्यावर पोटभाड्याने कोण राहील? वीस वर्षं हा विषय अडगळीत पडला. त्यात त्या छोट्या संगणकांच्या इंटेल जातीच्या चिपला एक खोड होती. सन २००० मध्ये दोन संशोधकांनी मोजून सांगितलं, की पेंटियमच्या आज्ञांपैकी सतरा अशा आहेत ज्या मालकाच्या हक्काला हात घालतात आणि मालकाला कळूही देत नाहीत. म्हणजे भाडेकरू गुपचूप जिन्याखाली जाऊन विजेचं मीटर वाचून येणार आणि त्याला कळणार की मीटरवर नाव भलत्याचंच आहे! मग कसला आला संसार.

त्यावर तोड काढली व्हीएमवेअर या कंपनीने. १९९८ मध्ये ती डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लुम आणि आणखी तिघांनी काढली, आणि मे १९९९ मध्ये तिचा पहिला माल बाजारात आला. त्यांनी केलं काय, तर भाडेकरू मालकाच्या गोष्टींना हात घालणारं जे जे बोलणार ते त्याच्या तोंडून निघण्याआधीच वाचायचं, अडचणीचा शब्द दिसला की तो बदलून बिनधोक शब्द घालायचा आणि मग बोलू द्यायचं. मुद्रितशोधकाच्या धंद्याची जागतिक पातळीवर घेतली गेलेली ही एवढीच दखल मला ठाऊक आहे. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने चिपमध्येच ती सोय केली, आणि हेही काम आमच्या हातून गेलं.

हा झाला पोटभाडेकरू. आता त्याला लांबून भेटण्याचं.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणकवाल्यांचं संमेलन भरलं होतं. तिथे डग्लस एंगेलबार्ट हा मितभाषी माणूस व्यासपीठावर कळफलक घेऊन बसला आणि सुमारे दीड तास त्याने मेन्लो पार्कमधला आपला संगणक सभागृहातून चालवून दाखवला. संगणक सुमारे तीस मैल लांब. तिथल्या छोट्या पडद्यावर टीव्हीचा कॅमेरा रोखलेला, तो कॅमेरा जे पाहील ते मायक्रोवेव्हवरून सभागृहात. माउस नावाची लाकडी डबी लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती तेव्हाच. आपल्याकडे त्या काळी परगावी फोन लावायचा तर बहुधा ट्रंक कॉल बुक करून वाट पाहावी लागे, हे आठवलं की तो दीड तास आणखीच लांबचा वाटतो.

पण घराघरांत ही सोय पोचली ती दुसऱ्या केंब्रिजमुळे, म्हणजे इंग्लंडातल्या. पोटभाडेकरू अमेरिकेतल्या केंब्रिजचा आणि त्याला लांबून पाहण्याची एक खिडकी विलायतेतल्या केंब्रिजची, हा योगायोग मला इतका आवडतो की मी तो गुरुजींनाही फोनवर सांगितला. ते म्हणाले, "आपल्याकडेही वाडी बुद्रुक आणि वाडी खुर्द असतेच."

या केंब्रिज खुर्दातली मंडळी मुळात आळशी असावीत, आणि हे मी आदराने म्हणतो. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं एक आणि पिणारे अनेक मजल्यांवर. जिने चढून यावं आणि भांडं रिकामं! म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं १२८ बाय १२८ ठिपक्यांचं कृष्णधवल चित्र सगळ्यांच्या पडद्यावर आणलं. ते चित्र पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी. पुढे तिथल्याच ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत याच गृहस्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएनसी तयार केलं, ते १९९८ मध्ये लोकांना फुकट दिलं. त्याची रीत अगदी साधी. लांबचा संगणक सांगतो, 'पडद्याच्या या चौकोनात हे ठिपके बदलले', आणि आपल्या पडद्यावर तेवढे ठिपके बदलतात. जिथे काही हललं नाही तिथलं काही पाठवायचं नाही.

त्याच १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपली रीत आणली, आरडीपी नावाची. तीत ठिपक्यांबरोबर 'इथे ही ओळ काढ, इथे हा चौकोन भर' अशाही सूचना पाठवतात. पहिली रीत म्हणजे लग्नाचा फोटो पाठवणं, दुसरी म्हणजे फोनवरून रांगोळी सांगणं. समोरच्याचा हात चांगला असेल तर रांगोळी स्वस्त पडते.

राहता राहिले दोन पडदे, आणि खरी मारामारी इथेच आहे.

मॉनिटर म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा पोरगा येतो, आणि एका वर्गाला दोन मॉनिटर नेमले तर काय होईल हे सांगायला संगणकशास्त्र लागत नाही. १९८७ च्या मॅकिंटॉश टू या यंत्राला अनेक पडदे जोडून त्यांचं एकच टेबल करता येई. विंडोज ९८ ने नऊपर्यंत पडदे चालवून घेतले. हे सगळं आपल्या टेबलावरच्या संगणकाचं. लांबच्या संगणकाला मात्र, समोर बसलेल्या माणसाकडे पडदे किती, हे कळायला काही मार्गच नव्हता. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या वेळी, २००७ च्या सुमाराला, एक मधला मार्ग काढला. दोन पडदे शेजारी शेजारी, उंचीला सारखे, असे ठेवायचे आणि लांबच्या संगणकाला सांगायचं की पडदा एकच आहे, पण भलता रुंद आहे. त्याने भाबडेपणाने विश्वास ठेवला. एखादी खिडकी मोठी केली की ती दोन्ही पडद्यांवर तंगड्या पसरून बसे. आणि 'ही फाईल खरोखर पुसायची का?' असा प्रश्न पडद्याच्या मध्यावर विचारायची त्याची पद्धत. त्यामुळे 'होय' डाव्या पडद्यावर, 'नाही' उजव्या पडद्यावर आणि प्रश्नचिन्ह मधल्या चौकटीच्या भिंतीत. पती-पत्नीच्या संभाषणाचं याहून अचूक चित्र तंत्रज्ञानाने काढलेलं नाही.

२००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेल्या आरडीपीने हा घोळ निस्तरला. आता जोडणी होतानाच इकडचा संगणक तिकडच्याला सांगतो, की पडदे इतके, एवढ्या मापाचे, हा डावीकडे, तो उजवीकडे, मुख्य अमुक. सोळापर्यंत पडदे चालतात. म्हणजे खोटं बोलायचंच, पण भिंत कुठे आहे ते खरं सांगायचं.

एवढा इतिहास पाठीशी घेऊन भाची एका रविवारी प्रकाशकांच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. तिचे गुडघे चांगले आहेत. तिने म्हाताऱ्या संगणकाच्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढली आणि तिथल्या नव्या संगणकात व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिचा पोटभाडेकरू केला. त्या नकलेत विंडोज एक्सपी, जुना फॉन्ट, जुना पानं लावण्याचा प्रोग्रॅम, इतकंच काय, भिंतीवर कुणीतरी लावलेलं गणपतीचं चित्रसुद्धा तसंच. जुन्या प्रोग्रॅमची किल्ली यंत्राच्या पाठीत खुपसावी लागते. ती नव्या यंत्राच्या पाठीत खुपसून आतल्याच्या नावे करून दिली.

मग पडदे. पोटभाडेकरूच्या सेटिंगमध्ये 'मॉनिटर किती' असा एक आकडा असतो. आठपर्यंत नेता येतो. तिने दोन केले. पण नुसतं दोन म्हणून भागत नाही, चित्र धरायला मेमरी लागते. तिने मला कागदावर हिशोब करून दाखवला. माझा मोठा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे सुमारे आठ मेगाबाइट. जुना चौकोनी पडदा १२८० बाय १०२४, म्हणजे पाच. एकूण तेरा. तिने चौसष्ट दिली. "पोटभाडेकरूशी एवढं औदार्य?" मी म्हटलं. "मामा, कमी दिली तर दुसरा पडदा काळा राहतो," ती म्हणाली. १९६७ मध्ये चौदा जणांना थापा मारून जी मेमरी दाखवली होती ती सगळी मिळून साडेतीन मेगाबाइट भरते.

त्याखेरीज आतल्याच्या घरात एक पूरक प्रोग्रॅम घालावा लागतो, गेस्ट ॲडिशन्स नावाचा. तो नसेल तर आतल्याला आपल्या पडद्याचं माप कळत नाही आणि मोठ्या पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढी खिडकी दिसते.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर वाऱ्यावर सोडलं. मे २०१९ मध्ये लांबून जोडणीच्या याच सोयीत एक भयंकर भोक सापडलं, तेव्हा पाच वर्षांपूर्वी मयत म्हणून जाहीर केलेल्या एक्सपीसाठीही कंपनीला औषध काढावं लागलं. तेव्हा अशा जिवाला उघड्यावर नेऊ नये. त्यासाठी सेटिंगमध्ये 'केबल जोडलेली' अशी एक खूण असते, ती भाचीने पुसून टाकली. नसलेल्या यंत्राची नसलेली वायर उपटायची ही सोय पाहून मी बराच वेळ नुसता बसून होतो. आता फाईल आत-बाहेर जाते ती एका सामाईक फोल्डरमधून, जिन्याखालच्या दुधाच्या पिशवीसारखी. आणि घरून कचेरीत जाणारी वाटही उघडी नाही. आधी व्हीपीएनचं फाटक, मग आरडीपी, त्यात 'सगळे मॉनिटर वापरा' या वाक्यापुढे खूण.

पहिल्या दिवशी माउसचा बाण डावीकडून उजवीकडे जाता जाता मध्येच अडकला. भिंत दिसत नाही, वाट दिसते, पण पुढे जाता येत नाही. मयसभेत दुर्योधनाने स्फटिकाच्या दारावर कपाळ आपटलं ते असंच असणार. कारण साधं होतं. एक पडदा १०८० ओळींचा, दुसरा १०२४चा. उरलेल्या छप्पन्न ओळींना शेजार नाही. भाचीने फोनवरून दोन्ही पडद्यांचे तळ जुळवून दिले आणि आता आपटायचं ते फक्त वरच्या बाजूला, जिथे मी सहसा जात नाही.

याहून मजेची गोष्ट कंट्रोल-आल्ट-डिलीटची. ही तीन बटणं दाबली तर ऐकणार कोण? माझ्या घरचा संगणक, कचेरीतला, की त्याच्या पोटातला? चाळीत एका बाईने 'अहो' म्हटलं की तीन गॅलऱ्यांत तीन पुरुष वळून पाहतात, तसली ही अडचण. तोडगा असा, की घरच्यासाठी डिलीट, कचेरीतल्यासाठी डिलीटऐवजी एंड, आणि पोटातल्यासाठी उजवा कंट्रोल आणि डिलीट. मी हे पुठ्ठ्यावर लिहून पडद्याला लटकवलं आहे. पाहुण्यांना ते स्तोत्र वाटतं.

गेले चार महिने मी रोज दोन तास असा बसतो. डावीकडे एक्सपीतलं २००२ सालचं पान, उजवीकडे नवं. दोन्ही पानं स्थिर असल्यामुळे तारेवरून जवळजवळ काहीच वाहत नाही. पान उलटलं की क्षणभर ठिपके उडतात आणि ओव्या पुन्हा जागेवर बसतात. आतापर्यंत एकतीस हरिणं परत मराठीत आणली.

संध्याकाळी गुरुजींना फोन करतो. त्यांना आता वाचता येत नाही, म्हणून दिवसाची पानं मी वाचून दाखवतो. परवा एका ओवीत ते मध्येच थांबले.

"काय म्हणालात? सासर?"

"सासर, गुरुजी."

"जुन्यात काय आहे?"

"डावीकडेही सासरच आहे. दोन्ही पडद्यांवर सासर."

"ती बाई माहेर म्हणाली होती," गुरुजी म्हणाले. "ती जात्याशी बसली होती, मी उंबऱ्यात. मी विचारलंही होतं, की माहेर कसं, इथे तर सासर हवं. तर म्हणाली, गुरुजी, तुम्ही लिहा. मी माहेरच लिहिलं होतं वहीत. छापताना कुणीतरी शहाणपणा केला असेल."

वही नाही. बाई नाही. मी उजवीकडे 'माहेर' केलं आणि ओवी पुन्हा वाचून दाखवली. गुरुजी 'हां' म्हणाले आणि पुढची वाचायला सांगितली. डावीकडचं तसंच आहे; तो पडदा भाचीने फक्त वाचण्यापुरता करून दिला आहे.